दूधसागराच्या पायथ्याशी

धबधब्याची थोरवी आकड्यांनी सांगण्याची रीत आहे, तेव्हा आरंभी ती पाळलेली बरी. आमच्या बेळगाव जिल्ह्यातील गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंचीवरून कोसळतो. शरावतीचा जोगचा धबधबा २५३ मीटरांचा. गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या ऐन कड्यावरून उतरणारा दूधसागर ३१० मीटरांचा आहे. गोकाकसारखे सहा एकावर एक रचले तरच त्याची बरोबरी होईल. जोग एका उडीत खाली येतो, तर दूधसागर चार टप्प्यांनी उतरतो. पावसाळ्यात कड्याच्या काळ्या दगडावर पाण्याचा इतका फेस होतो की त्यास दूध म्हणावयास कवीची गरज नाही. कोणत्याही गवळ्याने तेच नाव ठेविले असते.

आमच्या भागातील मंडळींची आणि या धबधब्याची ओळख बहुधा आगगाडीच्या खिडकीतून झालेली असते. गोव्याकडे जाणारी गाडी लोंढा सोडून तिनईघाट, कॅसल रॉक ही स्थानके मागे टाकू लागली, की डब्यात एक निराळीच हालचाल सुरू होते. झोपलेल्यांना उठविले जाते, मुलांना बाकावर उभे केले जाते, आणि ज्या बाजूस धबधबा दिसावयाचा त्या बाजूच्या खिडक्यांशी अनोळखी माणसेही एकमेकांच्या खांद्यावरून डोकावू लागतात. बोगद्यामागून बोगदा येतो. प्रत्येकाच्या तोंडाशी ‘आता, आता’ असे होते. आणि मग एका वळणावर ती पांढरी भिंत अकस्मात पुढे उभी राहते. तुषार थेट तोंडावर येतात. कोणी काही बोलण्याच्या आत गाडी पुढच्या वळणात शिरते. लगेच डबे उघडतात, चपातीभाजीचा वास सुटतो आणि संभाषण पुन्हा लग्नकार्ये व नोकऱ्या यांवर येते.

आमच्या घरात मात्र या दर्शनास एक अपवाद होता. आमच्या आत्या त्या वळणावर आल्या की आपल्या खिडकीची झडप खाली ओढीत. शेजारचा प्रवासी कुरकुरला तर जागा त्याला देत आणि स्वतः पाठ फिरवून बसत. लहानपणी आम्हाला वाटे की त्यांना दरीची भीती वाटते. पुढे कळले की त्यांना त्या धबधब्याचा राग आहे.

त्या रागाचे मूळ समजण्यास थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज या दोन सरकारांत एक तह झाला आणि मुरगाव बंदर व घाटावरचा मुलूख आगगाडीने जोडण्याचे ठरले. दक्षिण महाराष्ट्राचा व कर्नाटकाचा कापूस आणि इतर माल त्या बंदरावर उतरावा, असा त्यामागील हिशेब होता. १८८१ मध्ये काम सुरू झाले आणि १८८८ मध्ये लोहमार्ग खुला झाला. त्यातील कुळे ते कॅसल रॉक हा टप्पा सर्वांत अवघड. पोर्तुगालच्या राजघराण्यावरून त्यास ब्रागांझा घाट असे नाव मिळाले. दर ३७ फुटांस एक फूट असा तेथील चढ आहे. आजही कुळ्याहून वर जाणाऱ्या गाडीस जादा इंजिने जोडल्यावाचून भागत नाही. कड्यास बिलगून, बोगदे पाडून, दऱ्यांवर कमानी उभारून हा मार्ग काढला; आणि वाटेत दूधसागर आडवा आला, तेव्हा त्याच्या प्रवाहापुढेच दगडी कमानींचा पूल बांधला. धबधब्याच्या निम्म्या उंचीवरून आगगाडी जावी, हे दृश्य त्यामुळेच घडले. ते कोणाच्या हौसेखातर झालेले नाही. कापसाच्या गाठींना दुसरी वाट नव्हती.

१९५५ मध्ये सीमा बंद झाली तेव्हा या मार्गावरील रहदारी थांबली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्यानंतर गाड्या पुन्हा धावू लागल्या, आणि घाटात रूळ राखण्यास माणसे हवी झाली. त्या माणसांत आमचे आजोबा होते. ते गँगमन होते. घाटात लोहमार्गाच्या कडेला गँगच्या माणसांसाठी दगडी खोल्यांची एक ओळ होती. तीत ते, आजी आणि आत्या राहत. आमच्या वडिलांना शिक्षणासाठी बेळगावास चुलत्यांकडे ठेविले होते. आत्या नवव्या वर्षी त्या खोलीत आल्या आणि चौदाव्या वर्षी तेथून बाहेर पडल्या.

ज्या ठिकाणी आज माणसे क्षणभर थांबण्यासाठी धडपडतात, तेथे पाच पावसाळे काढणे म्हणजे काय, हे आत्यांकडून आम्ही तुकड्यातुकड्यांनी ऐकले आहे. जूनमध्ये धुतलेले कापड चुलीवर धरल्यावाचून वाळत नसे. मिठाचे पाणी होई. जळवा पायाला लागत, त्यांना तंबाखूची पूड लावून काढावे लागे. धान्य, रॉकेल, औषध, सारे गाडीने येई. गाडी अडली की चूलही अडे. आणि त्या सगळ्यावर अहोरात्र धबधब्याचा आवाज. घरातल्या घरात ओरडून बोलावे लागे. आत्या बेळगावी परतल्यावर शाळेतील बाई त्यांना पुष्कळ दिवस ‘हळू बोल’ म्हणून सांगत असत.

पावसाळ्यात आजोबांना रात्रीची गस्त असे. एका हातात हातकंदील, दुसऱ्या हातात हातोडा, खांद्याला पिशवी. पिशवीत तांबडी व हिरवी निशाणे आणि रुळावर बांधावयाचे पटाखे. ठरलेल्या टापूवर चालत जावयाचे, पलीकडून येणारा गस्तवाला भेटला की त्याच्याशी वही बदलावयाची आणि परत फिरावयाचे. कोठे दरड आली, रुळाखालची खडी वाहून गेली, झाड आडवे पडले, तर ठराविक अंतरावर पटाखे बांधून, तांबडा दिवा धरून उभे राहावयाचे. इंजिनाचे चाक पटाख्यावरून गेले की बार होतो आणि चालकाला कळते की पुढे काही तरी बिघडले आहे. काम असे थोडक्यात सांगता येते. करावयाचे मात्र काळोखात, कोसळत्या पावसात, एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस दरी अशा वाटेवर, आणि कानांत धबधब्याचा असा गजर की मागून गाडी आली तरी ऐकू येऊ नये.

आजी दारात बसून वळणावरचा दिवा दिसण्याची वाट पाही. आत्या तिच्या मांडीवर डोके ठेवून जागत. एका रात्री दिवा दिसलाच नाही. उजाडल्यावर आजोबा आले ते दुसऱ्या एका गँगमनच्या आधाराने. दरड कोसळली होती. पटाखे बांधून, तांबडा दिवा धरून ते मालगाडी येईपर्यंत उभे राहिले होते, आणि ती थांबल्यावरही रूळ मोकळा होईतो तेथेच होते. घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत. आजीने त्यांच्या बुटांतले पाणी उंबऱ्याबाहेर ओतले, एवढेच आत्यांना आठवते. त्यानंतर त्यांच्या छातीने जो दम धरला तो सुटला नाही. १९६७ मध्ये घाटातील काम सुटले आणि १९७१ मध्ये ते गेले. कोणा माणसाचा यात दोष नव्हता. दोष देण्यास जागा नसली की मन कोठे तरी तो ठेवतेच. आत्यांनी तो त्या पाण्यावर ठेविला.

आता अलीकडची गोष्ट. २०१३ मध्ये एका लोकप्रिय हिंदी चित्रपटात दूधसागर व त्यापुढून जाणारी गाडी झळकली, आणि त्यापूर्वीही थोडीबहुत असलेली गर्दी अनेक पटींनी वाढली. पावसाळ्यात तरुणांचे तांडेच्या तांडे वाटेतल्या स्थानकावर उतरून रुळांवरून चालू लागले. काही घसरले, काही जायबंदी झाले. अखेर २०२३ च्या जुलैत रेल्वेने स्पष्ट बजाविले की धबधबा डब्यात बसूनच पाहावा. रुळांवर उतरणे हा गुन्हा आहे. रेल्वेच्या कायद्यात त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

आमचा पुतण्या त्याच महिन्यात मित्रांबरोबर त्या वाटेने जाण्याच्या बेतात होता. वय एकोणीस, ज्या वयात मनाई हेच आमंत्रण वाटते ते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी नानापरींनी समजाविले, ते वाया गेले. आत्या कोपऱ्यात तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “रुळावर चालणे हे काम आहे रे, हौस नव्हे. तुझ्या पणजोबांनी ते केले. तू कशाला करतोस?”

पुतण्या म्हणाला, “पण आत्याआजी, मग तो जवळून पाहायचाच नाही का?”

आत्यांनी सूप खाली ठेविले. “वरून मी पुष्कळ पाहिला. खालून कधी पाहिला नाही. पाऊस सरला की मला खालून घेऊन चल.”

ज्या बाईने पन्नास वर्षे त्या वळणावर झडप ओढली तिच्या तोंडून हे ऐकून आम्ही सारे स्तब्ध झालो. पुतण्याचा पावसाळी बेत तेथेच राहिला. आत्याआजीला नेण्याची जबाबदारी अंगावर आल्यावर त्याची ऐट निराळीच झाली. गाड्यांची वेळापत्रके तो आम्हास शिकवू लागला.

दरवर्षीप्रमाणे त्या वर्षीही ३ डिसेंबरच्या सणासाठी आम्ही जुन्या गोव्यास गेलो. तो रविवार होता. रात्र फोंड्यास नातलगांकडे काढून सोमवारी पहाटे कुळ्यास पोहोचलो. पायथ्याशी जाण्याची वाट येथून सुरू होते. पावसाळ्यात ती बंद असते, कारण वाटेत नदी ओलांडावी लागते. साधारणतः ऑक्टोबरपासून ती खुली होते. स्थानिक लोकांच्या जीपगाड्या ठरलेल्या संख्येने प्रवासी घेऊन वनखात्याच्या नाक्यातून आत जातात. प्रत्येकास तरंगण्याचे जाकीट घ्यावे लागते. आत्यांनी ते नारिंगी जाकीट लुगड्यावर चढविले आणि म्हणाल्या, “गँगमनसारखी दिसते काय मी?” त्या सकाळी त्यांनी काढलेला हा पहिला शब्द.

नाक्याच्या आत भगवान महावीर अभयारण्य लागते. त्याचा विस्तार २४० चौरस किलोमीटर असून त्याच्या गाभ्यातील १०७ चौरस किलोमीटरांस मोले राष्ट्रीय उद्यान म्हणतात. उद्यान या शब्दाने वाचकांच्या डोळ्यांपुढे ताटवे आणि बाके येतील तर ती दूर सारावी. हे अस्सल सह्याद्रीचे अरण्य आहे: ऐन, किंजळ, जांभूळ, बांबूची बेटे आणि वर झाडांना विळखा घातलेल्या वेली. गवे येथे आहेत, बिबटे आहेत. आम्हाला एक शेकरू एका फांदीवरून दुसरीवर उडी घेताना दिसले, आणि धनेश पक्ष्याच्या पंखांचा तो भात्यासारखा आवाज डोक्यावरून गेला. वाट सुमारे अकरा किलोमीटरांची. पण खाचखळगे आणि दगड असे, की पोटातली न्याहारी पोटात राहिली याचेच नवल. दोनतीन ठिकाणी जीप सरळ नदीत उतरली. पाणी चाकांच्या वर आले तेव्हा आमच्या मंडळींनी एकमेकांचे हात धरले. आत्या मात्र ताठ बसल्या होत्या.

जीप थांबते तेथून पुढे पाऊण-एक किलोमीटर चालावे लागते. झाडांच्या मुळांवरून, मोठमोठ्या गोट्यांवरून, दोन लहान पुलांवरून ही वाट जाते. सत्तर वर्षांच्या गुडघ्यांस ती सोपी नाही. पुतण्याने एक हात धरला, आम्ही दुसरा. वाटेत माकडे फार. हातातील पिशवी ती हक्काने मागून घेतात. झाडीतून आवाज आधी येऊ लागतो. तो आवाज येताच आत्या थबकल्या. म्हणाल्या, “तोच. पण लहान झाला आहे.” डिसेंबरात पाणी ओसरलेले असते, हे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी मान हलविली, पण आमचे सांगणे त्यांना पटले असे वाटले नाही.

झाडी संपली आणि मोकळ्या दगडांच्या पलीकडे दूधसागर उभा राहिला. खिडकीतून दिसतो तो त्याचा मधला तुकडा; सगळा दिसतो तो येथून. मान मागे टाकून पाहावे तेव्हा कोठे वरचे टोक दिसते. उन्हात पाण्याच्या तीनचार सरी वेगवेगळ्या होऊन कातळावरून घसरत होत्या, मध्येच एक होत होत्या, पुन्हा फुटत होत्या. खाली हिरवट निळा डोह, त्यात मासे, आणि काठावर नाना देशांची माणसे. जाकिटे घालून पुष्कळ जण डोहात उतरले होते. येथील एक दंतकथा प्रसिद्ध आहे: एका राजकन्येची डोहात स्नान करून सोन्याच्या घड्यातील साखरदूध पिण्याची रीत होती, एके दिवशी परका राजपुत्र दृष्टीस पडला, तेव्हा सख्यांनी दुधाचे घडे ओतून तिच्यापुढे पांढरा पडदा धरला. कथा गोड आहे. आमच्या सोबत मात्र जी बाई होती तिचा या पाण्याशी संबंध दुधाचा नव्हता, चिखलाचा आणि काळोखाचा होता.

आत्यांनी धबधब्याकडे पाहिलेच नाही, त्यांची दृष्टी मध्यावर गेली. तेथे पुलाच्या कमानी दिसतात. खालून पाहता एखाद्या मुलाने काड्यापेट्यांच्या मांडाव्या तशा. त्या एकेक वळण बोटाने दाखवू लागल्या. तेथून आमची खोली इतकी पुढे. तेथे पाण्याची टाकी. त्या कोपऱ्यावर दिवा दिसे. इतक्यात वरून शिटी आली. काठावरील सगळी माणसे उठून उभी राहिली. झाडीतून गाडी निघाली, कमानींवर आली, आणि सावकाश पाण्यापुढून जाऊ लागली. दारांतून, खिडक्यांतून हात बाहेर निघाले होते. ती माणसे आम्हाला आणि आम्ही त्यांना हात करीत होतो. एवढी लांब गाडी त्या कड्यापुढे मुंगळ्यांची रांग वाटत होती.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत आत्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बाबांना ही कधी अशी दिसली नाही. ते वरच होते ना.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “किती माणसे असतात रे एका गाडीत!”

त्या दगडावर बसल्या, चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. पुतण्याने विचारले, “आत्याआजी, आता आवडला का?” आम्हाला वाटले होते की आता काही कोमल उत्तर येईल आणि इतक्या वर्षांची गाठ सुटेल. आत्या खऱ्या बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “आवडला असे मी म्हणणार नाही. पण त्याच्यावर रागावून काय करू? तो माझ्याआधीचा आहे आणि तुझ्यानंतरचा आहे.” मग त्यांनी शिदोरी मागितली. भाकरी, सुकी चटणी आणि उकडलेली अंडी असा बेत होता. त्या चांगल्या जेवल्या. रिकामे कागद पुतण्याने, न सांगता, पिशवीत भरले.

परतीच्या वाटेवर आम्ही त्या अरण्याच्या उत्तर अंगाला असलेले तांबडी सुर्ल येथील महादेवाचे मंदिर पाहिले. कदंबांच्या काळातील हे काळ्या दगडाचे लहानसे देवालय ओढ्याकाठी, झाडांच्या दाटीत लपलेले आहे. तो दगड गोव्यातला नव्हे. घाटावरून डोंगर ओलांडून तो येथे आणला, असे अभ्यासक सांगतात. आगगाडीच्या कितीतरी शतके आधी याच डोंगरातून माणसांनी खांद्यावर नाहीतर जनावरांच्या पाठीवर ओझी उतरविली होती, हे मनात आले. आत्या खांबांवर हात फिरवीत म्हणाल्या, “हे कोणी उचलले असेल?” देवळात मूर्ती कोणाची, शिखर कोणत्या शैलीचे, हे प्रश्न आमचे. आत्यांचा प्रश्न नेहमी कामकऱ्याचा असतो.

घरी आल्यावर या सगळ्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. घाटातील गस्त आजोबांबरोबर संपलेली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो मार्ग रुंद झाला, वाफेची इंजिने गेली. पण डोंगर तोच आणि पाऊसही तोच. २३ जुलै २०२१ रोजी मंगळूरहून मुंबईस निघालेली, दुसऱ्या मार्गावरून वळविलेली एक गाडी दूधसागर व सोनावळी या स्थानकांच्या दरम्यान दरडीमुळे रुळांवरून घसरली; सुदैवाने कोणी दगावले नाही. २०२४ च्या ऑगस्टात जवळपास त्याच टापूत मालगाडीचे डबे घसरले. अशा प्रत्येक प्रसंगी, आणि न घडलेल्या कितीतरी प्रसंगी, कोणी तरी भिजत उभे असते. त्यांची नावे कोठे छापली जात नाहीत.

अरण्याची गोष्टही तशीच. २०२० मध्ये मोलेच्या जंगलातून दुहेरी लोहमार्ग, रुंद महामार्ग आणि विजेची मोठी वाहिनी नेण्याच्या तीन योजनांविरुद्ध गोव्यात ‘आमचे मोले’ या नावाने चळवळ उभी राहिली. विद्यार्थी, शास्त्रज्ञ, चित्रकार, गावकरी असे नाना तऱ्हेचे लोक तीत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०२२ च्या मे महिन्यात न्यायालयाने कॅसल रॉक ते कुळे या टप्प्यातील दुसऱ्या लोहमार्गास वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. सखोल अभ्यास करून नव्याने प्रस्ताव मांडण्याची मुभा मात्र ठेविली. मालाची ने-आण वाढली पाहिजे हे म्हणणारे अगदीच चुकतात असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या आजोबांची भाकरी त्याच लोहमार्गाने दिली. परंतु डोंगर मोकळा केला की दरडी वाढतात, हे त्या खोल्यांत राहिलेल्या कोणालाही विचारावे.

आणखी एक गोष्ट आम्हास तेथे जाईपर्यंत सुचली नव्हती. डोहातून निघालेले पाणी कुळ्याकडे जाते, पुढे खांडेपार नदी होते आणि शेवटी मांडवीस मिळते. याच खांडेपार नदीवर ओपा येथे पाणी उचलून, शुद्ध करून फोंडा व पणजीच्या नळांना सोडतात. म्हणजे ज्या नातलगांकडे आम्ही उतरलो होतो, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कळशीत दूधसागराचे पाणी होते, आणि आदल्या रात्री आम्ही ते पिऊनच निजलो होतो. आत्यांना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “तर मग त्याला शिव्या देणे बरे नव्हे.”

ज्या कुटुंबांना जावयाचे असेल त्यांनी ऑक्टोबर ते जानेवारी हे महिने निवडावे. रविवार टाळावा. सकाळी लवकर कुळ्यास पोहोचावे. टणक तळाच्या चपला घ्याव्या, प्लास्टिक नेऊ नये, माकडांना खाऊ घालू नये आणि डोहात जाकिटावाचून उतरू नये. वृद्धांना अवश्य न्यावे. दोन धडधाकट हात बरोबर असले की ती वाट होते. रुळांवरून मात्र कोणीही जाऊ नये. आणि गाडीने जात असाल तर मुलांना धबधबा तर दाखवाच. पण गाडी संथ झाली की बोगद्याच्या तोंडाशी हातोडा घेऊन, कातळाला पाठ लावून, गाडीला वाट देत एखादा मनुष्य उभा असतो. त्यास हात करावयास मुलांना सांगावे. तोही उलट हात करतो, असे आत्या सांगतात.